नवी विंडोज मारा, पण आमचं जुनं चालू राहू द्या

धाराशिवात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला एक वाक्य रोज ऐकावं लागतं: 'फॉरमॅट मारा, पण डेटा जाऊ देऊ नका.' त्याच्या खालोखाल माझ्या वाट्याला आलेलं वाक्य म्हणजे, 'नवी विंडोज मारा, पण आमचं जुनं चालू राहू द्या.' हे 'जुनं' कधी आडत दुकानाची फॉक्सप्रोतली खतावणी असते, कधी पतसंस्थेचं पिग्मीचं पॅकेज, कधी प्रेसमधला पेजमेकर, तर कधी वजनकाट्यावरचा डॉसमधला प्रोग्रॅम. तो लिहून देणारा बहुधा सोलापूरचा नाहीतर लातूरचा, आणि आता पुण्यात नोकरीला. सोर्स कोड त्याच्याबरोबर गेला. मागं राहिली एक एक्सई फाइल आणि तिच्या भरवशावर चाललेला धंदा.

मी दुकान टाकलं तेव्हा विंडोज एक्सपी नवी होती. गावातल्या बऱ्याच मशीनवर अजून विंडोज ९८ होती आणि काही पतसंस्थांमध्ये तर निव्वळ डॉस. त्या वेळी जुनं चालवणं फार जड नव्हतं. एक्सपी ३२-बिटची, आणि डॉसचे १६-बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोय तिच्या पोटातच होती. अडचण यायची ती भलत्याच ठिकाणी. एका आडत्यानं हौसेनं नवं पेंटियम मशीन घेतलं, मी त्यावर त्याचं फॉक्सप्रो टाकलं, आणि सुरू करताच पडद्यावर 'डिव्हाइड बाय झिरो'. जुने काही प्रोग्रॅम सुरू होताना मशीनचा वेग मोजतात. ठरावीक काम करायला किती वेळ लागला ते पाहतात आणि त्या वेळानं भागतात. नवं मशीन इतकं झपाट्यानं काम उरकायचं की वेळ शून्य यायचा. उपाय होता, एक छोटी दुरुस्ती टाकली की भागायचं. पण मालकाला ते कसं सांगायचं? 'वेग पाहिजे म्हणून जादाचे पैसे मोजले, आणि तुमी म्हंता लई वेगामुळं बंद पडलं?' एवढंच म्हणून ते गप्प झाले. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा विचारला नाही.

खरी कोंडी झाली ती विंडोज ७ नंतर. ही विंडोज २००९ ला आली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुकानात येणाऱ्या नव्या मशीनवर ६४-बिटची विंडोज सर्रास दिसायला लागली. तिच्यावर डॉसचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. प्रोसेसर ६४-बिटच्या पद्धतीनं चालू असला की डॉससाठी लागणारी त्याची एक खास अवस्था वापरताच येत नाही, म्हणून मायक्रोसॉफ्टनं ती सोय ६४-बिटमध्ये दिलीच नाही. आणखी एक चमत्कारिक प्रकार असा की नव्वदच्या दशकातले कितीतरी प्रोग्रॅम स्वतः ३२-बिटचे असतात, म्हणजे नव्या मशीनवर चालायला हरकत नसते, पण त्यांचं सेटअप १६-बिटचं. दार उघडत नाही म्हणून आत जाता येत नाही. तिथं जुन्या मशीनवरून बसवलेलं अख्खं फोल्डर उचलून आणायचं, रजिस्ट्रीतल्या नोंदी हातानं घालायच्या आणि देवाचं नाव घेऊन डबल क्लिक करायचं.

त्या काळात मी सोपा रस्ता धरला होता. नव्या मशीनवर ३२-बिटची विंडोज टाकून द्यायची. तिला साधारण तीन-सव्वातीन जीबीच्या पुढची रॅम दिसत नाही. आठ जीबीचे पैसे भरलेल्या माणसाला मी ते तोंडावर सांगायचो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, 'रॅम मेली खड्ड्यात, माझी पट्टी निघाली पाहिजे.'

ही पट्टी काय असते ते मार्केट यार्डाबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सोयाबीनचा हंगाम, दिवाळीच्या आगेमागे. शेतकरी कट्टे घेऊन येतो, सौदा होतो, वजन होतं आणि मग त्याला हिशोबपट्टी मिळते: नाव, गाव, कट्टे, क्विंटल-किलो, भाव, हमाली, तोलाई, उचल घेतली असेल तर ती वजा, आणि खाली निव्वळ रक्कम. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. एका दुकानातले मुनीम हे सगळं पडद्याकडे न बघता भरायचे. डोळे समोरच्या कच्च्या वहीवर, उजवा हात आकड्यांच्या पॅडवर, एंटर, एंटर, चार, सात, एंटर, एंड. डॉट मॅट्रिक्स करकरत पट्टी बाहेर टाकायचा आणि मुनीम ती न बघताच फाडून द्यायचे. त्यांच्या मालकाच्या पोरानं एकदा नवं सॉफ्टवेअर आणलं, रंगीत बटणं, माउस, शेतकऱ्याच्या नावाची यादी खाली उघडणारी. मुनिमांनी अर्धा दिवस प्रयत्न केला आणि मग मालकांना शांतपणे म्हणाले, 'ह्याच्यापेक्षा म्या हातानं लिवतो.' आणि लिहिलंही. दुपारनंतरच्या सगळ्या पट्ट्या हाती, कार्बन लावून, नव्या सॉफ्टवेअरपेक्षा भरभर.

तेव्हापासून मी मुनिमांना 'जुनाट' म्हणणाऱ्यांशी वाद घालतो. डॉसमधल्या त्या निळ्या पडद्यावर काही चुकीचं नव्हतं. ज्यानं तो लिहिला तो यार्डात चार दिवस बसून गेला असणार. कोणत्या रकान्यानंतर कोणता रकाना यावा हे त्याला कच्च्या वहीवरून कळलं होतं. नवीन लिहिणाऱ्यानं ती वही पाहिलेली नव्हती.

पुढं त्याच दुकानाचं मशीन मेलं आणि ६४-बिटचं आलं. तिथं डॉसबॉक्स बसवायचं ठरलं. डॉसबॉक्स म्हणजे नव्या विंडोजच्या आत बसलेला खोटा डॉसचा संगणक. मुळात ते लोकांनी जुने गेम खेळायला बनवलं, त्यामुळं आवाज उत्तम, चित्रं उत्तम, आणि प्रिंटरचा पत्ता नाही! गेम खेळणाऱ्याला पट्टी कशाला लागते? मग त्याचंच वाढवलेलं भावंड डॉसबॉक्स-एक्स, किंवा धंद्याच्या प्रोग्रॅमसाठीच केलेलं व्हीडॉस. त्यांत एलपीटी-१ वर, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पोर्टावर, पाठवलेला मजकूर विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येतो. तरी डॉट मॅट्रिक्स हट्टी. विंडोजच्या ड्रायव्हरमधून गेलं तर तो अक्षरं चित्रासारखी काढत बसतो, एका पट्टीला मिनिट घालवतो आणि कागद अर्धा पुढं सरकवून ठेवतो. मजकूर जसाच्या तसा, मधे कुणी हात न लावता प्रिंटरपर्यंत गेला पाहिजे. हे जमलं तेव्हा रात्र झाली होती, मुनीम थांबले होते. त्यांनी एक पट्टी काढून पाहिली, फाडण्याची रेघ बरोबर जागेवर आली का ते बघितलं आणि मान हलवली.

एक अट मात्र मी तिथं घातली. खतावणी एकाच मशीनवर उघडायची. पूर्वी त्यांची दोन मशीन जोडलेली होती आणि दोघं एकाच वेळी नोंदी करायचे. एक जण नोंद लिहीत असताना दुसऱ्याला अडवून धरण्याचं काम डॉसबॉक्सकडं धडपणे होत नाही, आणि खतावणी जिच्यात साठते ती डीबीएफ फाइल बिघडते. मालकांना पटलं नाही, पण मुनिमांना लगेच पटलं. एका वहीत दोघांनी लिहायचं नसतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

सगळ्यात जास्त ज्यानं शिकवलं ते प्रकरण एका कृषी सेवा केंद्रातलं. बियाणं, खत, औषधं, आणि सगळा व्यवहार उधारीचा. सॉफ्टवेअर एक्सपीच्या काळातलं. नवं मशीन आलं, कुणीतरी परस्पर प्रोग्रॅम बसवून दिला, चालूही झाला. मशीनवर दोन लॉगिन केले होते, एक मालकाचं आणि एक कामावरच्या पोराचं. दोन-तीन महिन्यांनी एक शेतकरी पैसे भरायला आला. पोराच्या लॉगिनमध्ये त्याची बाकी एक आणि मालकाच्या लॉगिनमध्ये दुसरीच. मालकांनी आणखी दहा खाती तपासली. निम्म्यांत फरक. पोरानं भरून घेतलेले काही पैसे मालकाच्या पडद्यावर दिसतच नव्हते.

मला बोलावलं तेव्हा वातावरण तापलेलं होतं. पोरगं कोपऱ्यात उभं, त्याचे वडील गावाकडनं आलेले, आणि मालक म्हणत होते की पोलिसात जातो. मला सांगितलं, 'तुमी फकस्त ह्यानं काय काय उडवलंय ते काढून द्या.'

मी आधी फाइल शोधल्या. प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमधली डीबीएफ कित्येक आठवड्यांत बदललेलीच नव्हती. मग नोंदी जातात कुठं? विंडोज व्हिस्टापासून एक व्यवस्था आहे. जुना प्रोग्रॅम आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायला जातो, आणि साध्या वापरकर्त्याला तिथं लिहायची परवानगी नाही. प्रोग्रॅम बंद पडू नये म्हणून विंडोज त्याला गुपचूप फसवते. 'लिहिलं' असं सांगते आणि त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या कोपऱ्यात, फाइलची वेगळी प्रत करून त्यात लिहिते. पुढच्या वेळी त्याच माणसाला तीच प्रत दाखवते. म्हणजे मालकाची खतावणी वेगळी, पोराची वेगळी, आणि दोघांच्याही पडद्यावर नाव एकच.

दोन्ही प्रती शेजारी-शेजारी उघडून दाखवल्या. पोराच्या प्रतीत त्यानं घेतलेला पैसा न् पैसा नोंदलेला होता. मालक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग त्या पोराच्या वडिलांना 'बसा की' म्हणाले. खुर्ची रिकामीच होती, पण तोवर त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. दोन्ही वह्या एक करायला पुढं आम्हाला पावती पुस्तकं घेऊन बसावं लागलं, कारण कोणती नोंद कुठं झाली ते यंत्र सांगत नव्हतं, पावत्याच सांगत होत्या. प्रोग्रॅम उचलून सी ड्राइव्हच्या वेगळ्या फोल्डरात ठेवला आणि विषय मिटला. तेव्हापासून जुनं काहीही बसवताना ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये जाऊ देत नाही. आणि हिशोबात फरक पडला की माणसाआधी फाइलच्या तारखा बघतो. विशेषतः गल्ल्यावरचा माणूस गरीब असेल तर.

प्रेसचं जग वेगळंच. तिथं हिशोब नसतो, अक्षरं असतात. जिल्ह्यातल्या कितीतरी साप्ताहिकांची पानं, लग्नपत्रिका, तुळजापूरच्या नवरात्रातल्या जाहिराती अजून पेजमेकरमध्ये लागतात. पेजमेकर १९८५ साली आल्डस कंपनीनं काढला, १९९४ ला अडोबीनं ती कंपनीच घेतली आणि २००१ ची सातवी आवृत्ती ही शेवटची. तरी तो मरत नाही. विंडोज १० वरसुद्धा 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' केलं तर निमूटपणे चालतो. अडतं ते मराठीचं. श्रीलिपी, आकृती, आयएसएम असली पॅकेजं, त्यांचे फॉन्ट, आणि त्यांना लागणारं लॉक. लॉक म्हणजे डोंगल, संगणकाच्या पाठीमागं प्रिंटरच्या जागी लावायचा तो छोटा डबा. पुढं युएसबीचे लॉक आले, पण ज्यांच्याकडे जुना समांतर पोर्टाचा आहे त्यांची पंचाईत. नव्या मदरबोर्डवर तो पोर्ट नाही. बाजारात युएसबीवरून प्रिंटर पोर्ट करून देणारी केबल मिळते, ती प्रिंटरला चालते, लॉकला चालत नाही. 'लॉक तोडून द्या' असं अनेकांनी सांगितलं. पैसे देऊन घेतलेल्या वस्तूचं कुलूप तोडायला काय हरकत, असं त्यांचं म्हणणं. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअर विरळाच होतं, आणि एकाचं तोडून दिलं की आठवड्यात अख्खी बाजारपेठ दारात. मी ते केलं नाही. त्याऐवजी भंगारवाल्याकडनं तो पोर्ट असलेले जुने मदरबोर्ड उचलून ठेवायला लागलो. त्यांचे फुगलेले कपॅसिटर बदलायचे, की मशीन पुन्हा उभं राहतं.

प्रेसवाले जुन्या फाइलींना इतके का चिकटतात ते मला एका ऑपरेटरनं दाखवलं. त्याच्याकडे 'पुण्यस्मरण' नावाचं फोल्डर होतं. प्रथम पुण्यस्मरणाची जाहिरात दिली की घरचे पुढच्या वर्षी येतात, तीच द्या, फक्त 'द्वितीय' करा. मग तृतीय. फोटो तोच, शोकाकुल नावं जवळजवळ तीच, एखादं कमी झालेलं. ती फाइल उघडली नाही तर सगळं पुन्हा जुळवायचं. मी म्हणालो, युनिकोडमध्ये आणून ठेवू. करून पाहिलं. ह्या जुन्या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फॉन्ट काढला की उरतो नुसता इंग्रजी कचरा. तो बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि पहिली वेलांटी ही त्यांची नेहमीची ठेच. जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडात ती नंतर साठवायची असते. रफाराशी गाठ पडली की 'कीर्ती'चं काहीतरी भलतंच होतं. मृत माणसाच्या नावात ही चूक चालत नाही. म्हणून तिथं एक्सपी आभासी मशीनमध्ये बंद करून दिली, व्हर्च्युअलबॉक्सात, आणि तिला इंटरनेट दिलं नाही. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि मे २०१७ मधल्या वॉनाक्राय व्हायरसच्या वेळी उघड्या मशीनचं काय होतं ते जगानं पाहिलं. ऑपरेटर नाराज, कारण आतून व्हॉट्सअॅप उघडत नाही. मी म्हणालो, त्याचसाठी बाहेरची विंडोज आहे.

२०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं, फेब्रुवारीत शहराचं, सप्टेंबरात जिल्ह्याचं. पाट्या बदलल्या, लेटरहेड बदलली, आणि जुन्या सॉफ्टवेअरवाले दारात आले. पावतीच्या माथ्यावरचं गावाचं नाव प्रोग्रॅममध्येच कोरलेलं, सेटिंगमध्ये बदलायची सोय नाही, लिहिणारा पुण्यात. एका पतसंस्थेची एक्सई मी हेक्स एडिटरमध्ये उघडली. तयार फाइलमधला मजकूर बदलता येतो, पण लांबी बदलली तर पुढचं सगळं सरकतं आणि प्रोग्रॅम कोलमडतो. इंग्रजीत उस्मानाबाद लिहायला अक्षरं लागतात नऊ. कागदावर धाराशिव लिहून मोजलं: डी, एच, ए, आर, ए, एस, एच, आय, व्ही. नऊ! नवाच्या जागी नऊ घातली, एक जागाही इकडं-तिकडं झाली नाही. पावती निघाली, सचिवांनी ती संचालकांना दाखवायला नेली.

आनंद महिनाभर टिकला. मग लेखापरीक्षणात २०११ च्या एका ठेवीची दुबार पावती काढावी लागली, आणि तिच्यावरही धाराशिव आलं. नाव प्रोग्रॅममध्ये, तारीख डेटामध्ये, तेव्हा दुसरं काय होणार? लेखापरीक्षकांचा सवाल रास्त होता, २०११ ला हे नाव कुठून आलं? आता तिथं दोन आयकॉन आहेत, एकाखाली 'जुनं नाव' आणि दुसऱ्याखाली 'नवं नाव'. डेटा एकच. कोणत्या पावतीला कोणता आयकॉन ते शिपायालासुद्धा पाठ झालंय. सभासदांच्या पत्त्यात लोकांनी स्वतः टाइप केलेलं 'उ.बाद', 'उस्मा.' वगैरे आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

एवढी वर्षं हे काम केल्यावर माझा एक आग्रह झालाय. जुनं चालू करून देण्याआधी मी मालकाला त्याचा डेटा बाहेर काढून दाखवतो. डीबीएफ ही फाइल सरळ आहे, एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडते. मूळ प्रोग्रॅमशिवाय आपली नावं आणि आकडे दिसतात हे पाहून कित्येक जण चकित होतात. त्यांना वाटत असतं की खतावणी म्हणजेच तो निळा पडदा. निम्म्या लोकांना खरं तर प्रोग्रॅम नकोच असतो, फक्त मागची बाकी बघायची असते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा व्हॅटच्या काळातली बिलाची कितीतरी सॉफ्टवेअरं एका रात्रीत निकामी झाली, तरी लोक ती ठेवून होते, उधारीसाठी. अशांना एक एक्सेल फाइल पुरते. त्यात माझा धंदा बुडतो. आभासी मशीन बसवायचे चांगले पैसे मिळतात, एक्सेल फाइल काढून द्यायचे कुणी फारसे देत नाही. मुनिमांसारखे बोटांनी काम करणारे असतील तिथं मात्र मी जुनंच चालवतो आणि त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला आणि दुकानात पुन्हा गर्दी झाली. विंडोज ११ ही ३२-बिटमध्ये येतच नाही, म्हणजे माझा तो सोपा रस्ता कायमचा बंद. शिवाय तिला टीपीएम ही सुरक्षेची चिप लागते, ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. धडधाकट मशीन केवळ नियमात बसत नाही म्हणून बाद. ज्यांचं काम इंटरनेटवर नाही त्यांना मी सांगतो, आहे तसं चालू द्या, केबल काढून ठेवा.

परवा परंड्याकडून एका वजनकाट्यावाल्याचा फोन आला. काट्याचं वजन सीरियल पोर्टातून डॉसच्या प्रोग्रॅमला जातं. त्या प्रोग्रॅमला कॉम-१ आणि कॉम-२ एवढंच ठाऊक, आणि नव्या मशीनवर युएसबीवरून सीरियल पोर्ट करून देणारा कन्व्हर्टर लावला की विंडोज त्याला कॉम-५ म्हणते. डॉसबॉक्समध्ये एका ओळीत ते जुळवता येतं, वेग आणि बाकीचं काट्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पण उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायच्या आत जायला हवं, एकदा रांग लागली की ड्रायव्हर लोक कुणाचं ऐकत नाहीत. कन्व्हर्टर दोन घेतलेत, वेगवेगळ्या चिपचे, कारण एक चालला नाही तर तिथं दुसरा मिळायचा नाही.